तीन शाली आणि एक मिस कॉल

आम्ही लोकप्रतिनिधींना भेटायला निघालो तेव्हा माझ्या पिशवीत निवेदनाच्या प्रती, पाण्याची बाटली आणि लाखोळीच्या डाळीच्या वड्यांचा डबा होता. परतलो तेव्हा निवेदनं जवळजवळ तशीच होती, डबा रिकामा होता आणि पिशवीत तीन शाली होत्या. ज्यांनी असा प्रवास केलेला नाही त्यांना वाटेल, शाली मिळाल्या म्हणजे काम झालं. मलाही आधी तसंच वाटायचं.

काम काय होतं ते आधी सांगते. आमचं गाव कुरखेड्याहून आत, जंगलाला लागून आहे. माझ्या सिंधूमावशीच्या जाऊबाईला मोहफुलं वेचताना वाघाने नेलं. त्याच सकाळी पलीकडच्या पायवाटेवर एका गुराख्याला तो वाघ दिसला होता. त्याने गावात येऊन सांगितलंही. पण जे जंगलात होते त्यांना कळवायचं कसं, हे कुणालाच माहीत नव्हतं. पुढे मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकायला लागले तेव्हा माझ्या वर्गातल्या रोशनबरोबर एक प्रोग्राम लिहिला. गावात त्याला घंटी म्हणतात. जंगलात जाताना घंटीच्या नंबरवर मिस कॉल द्यायचा, परत आल्यावर पुन्हा द्यायचा. दुसरा मिस कॉल येईपर्यंत घंटीच्या लेखी माणूस जंगलातच असतो. कुणाला वाघ दिसला तर त्याने फोन लावून, कोणत्या बाजूला दिसला त्याचा आकडा दाबायचा. मग जंगलात असलेल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजतात आणि मावशीचा आधीच भरून ठेवलेला आवाज येतो. आमच्याकडे जंगलात वाघाचं नाव घेत नाहीत, म्हणून मावशी 'जनावर' म्हणते.

घंटी आम्ही कुणालाही फुकट दिली. शेजारच्या गावांनी घेतली, सिरोंच्याकडच्या एका गावाने त्यात तेलुगू आवाज भरला. आणि मग एका शहरातल्या कंपनीचा मेल आला. मेल इंग्रजीत होता आणि फार नम्र होता. इतका नम्र, की तो दोनदा वाचून मी खूश झाले. कॉलेजातल्या सरांनी वाचला आणि सांगितलं की ही धमकी आहे. ठरावीक भागात असलेल्या माणसांना मिस कॉलवरून ओळखून एकदम सावध करण्याची 'पद्धत' आमची आहे, तिच्या पेटंटसाठी आम्ही अर्ज केला आहे, तरी आपण आपला प्रोग्राम बंद करावा, असं त्यात होतं.

सरांनी समजावलं ते असं. आपल्या कायद्यात निव्वळ प्रोग्रामला पेटंट देत नाहीत. पण प्रोग्रामला एखादा यंत्राचा डबा जोडला की तो निव्वळ राहत नाही, असं कंपन्यांचे वकील म्हणतात. या कंपनीने डबा जोडला होता. खांबावर बसवायचा, लाल दिव्याचा. आता कायद्यातला हा दरवाजा आणखी सैल करा, अशी मोठ्या कंपन्यांची मागणी आहे. तो सैल झाला तर आमच्यासारख्यांना प्रोग्राम लिहिण्याआधी वकील शोधावा लागेल. कुरखेड्यात वकील आहेत, पण ते धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणाचे.

नागपूरला अशाच प्रोग्राम लिहिणाऱ्या काही लोकांची बैठक झाली. तिथे ठरलं की ज्याने त्याने आपापल्या भागातल्या लोकप्रतिनिधीला गाठायचं आणि संसदेत याला विरोध करा म्हणून सांगायचं. चंद्रपूर-गडचिरोलीतून बैठकीला आम्ही दोघंच होतो, त्यामुळे ही जबाबदारी आमच्यावर एकमताने आली. आईने एका अटीवर सोडलं, मावशी सोबत येईल. मावशीने एकदाच विचारलं, "खासदार दिवाळीच्या मंडईले येतेतच ना आपल्या गावी? मंग चंद्रपूरले काऊन जाता?" आम्ही तिला सांगितलं की अशी कामं कार्यालयात होतात.

चंद्रपूर

एका खासदारांचं संपर्क कार्यालय चंद्रपुरात आहे. कोणत्या खासदारांचं ते लिहीत नाही, कारण पुढे अजून कामं आहेत. सकाळी एसटीतून उतरलो आणि आधी तर्रीपोहे खाल्ले. मावशीने तर्रीकडे बघून विचारलं की पोह्यांवर कोळशाची धूळ बसू नये म्हणून एवढं तेल घालतात का. रोशन चंद्रपूरचा आहे, त्याला हे लागलं. त्याने पुढे सांबारवडी मागवून शहराची अब्रू राखली. सांबार म्हणजे कोथिंबीर. हे पश्चिमेकडच्या वाचकांसाठी.

कार्यालयात गर्दी होती. स्वीय सहायक म्हणून जे गृहस्थ होते ते मोठे कामसू. माणूस समोर आला की मान वर न करता ते एकच विचारायचे, "रस्ता की बदली?" त्याप्रमाणे अर्ज डावीकडे किंवा उजवीकडे जात. मी म्हटलं, पेटंट. त्यांनी मान वर केली. बराच वेळ माझ्याकडे पाहून आमचं निवेदन त्यांनी बदलीवर ठेवलं.

साहेब दौऱ्यावर होते. कुठे, ते सांगता येत नव्हतं. पण एखाद्या आमदाराची शिफारस आणली तर साहेब नक्की वेळ देतील, आणि एक आमदार उद्या वरोऱ्यात आहेत, असं त्यांनी सांगितलं. आम्ही तिघांनी त्यांचे मनापासून आभार मानले. माझ्या घरात कार्यालयात जाऊन परत आलेलं मी पहिलंच माणूस, त्यामुळे कुणी काहीतरी सांगितलं याचाच मला आनंद होता.

वरोरा

वरोऱ्याला कापसाचे दिवस होते. बाजाराच्या रस्त्यावर कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग, आणि वाऱ्याने उडालेला कापूस बाभळींना लागलेला. आम्ही धानाकडची माणसं. आमच्याकडे अनोळखी माणसाला आधी विचारतात, जेवले का. इथे चहाच्या टपरीवर एका भाऊंनी विचारलं, किती एकर? मी सांगितलं की आम्ही पेटंटसाठी आलोय. ते म्हणाले, सोयाबीनचं का? मग त्यांनी त्यांच्या बियाण्याच्या पिशवीवर काय काय लिहिलेलं असतं ते सांगितलं, आणि मला वाटलं, हा माणूस आमचं म्हणणं त्या कार्यालयापेक्षा लवकर समजेल. पण तो आमदार नव्हता.

आमदार एका व्यायामशाळेच्या उद्घाटनाला आले होते. त्यांच्या कार्यकर्त्याने आमच्याकडून चिठ्ठी लिहून घेतली: गाव, नाव, काय केलं. मी लिहिलं, 'वाघाची सूचना देणारा प्रोग्राम. पेटंटविषयी बोलायचं आहे.' थोड्या वेळाने माइकवर आमचं नाव पुकारलं गेलं. आम्ही धावत मंचावर गेलो. आमदारांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, रोशनच्या हातात नारळ दिला आणि माइकवर म्हणाले की आदिवासी भागातल्या या पोरांनी जगाला हेवा वाटेल असा शोध लावला आहे आणि त्यांना पेटंट मिळवून दिल्याशिवाय आपण स्वस्थ बसणार नाही.

टाळ्या वाजल्या. मी हळूच म्हणाले, "साहेब, आम्हाला पेटंट नकोय."

आमदार गहिवरले. त्यांनी माइक पुन्हा हातात घेतला. "बघा, किती विनम्र पोट्टी आहे. म्हणते, मले पेटंटबी नको."

आणखी टाळ्या वाजल्या. मी पुढे बोलायला तोंड उघडलं तेव्हा फोटोग्राफरने मला हसायला सांगितलं. मी हसले. त्या फोटोत मी फार आनंदी दिसते. शिफारस मागितली तर कार्यकर्ता म्हणाला, "सत्कार झाला ना? मंग अजून का पाह्यजे?"

मार्कंडा

कार्यकर्त्याने एवढं मात्र सांगितलं की दुसरे एक आमदार मार्कंड्याला दर्शनाला येणार आहेत आणि ते शिकलेले आहेत. म्हणून आम्ही वैनगंगेकाठी गेलो. एसटीच्या प्रवासाबद्दल काही लिहीत नाही. मावशी पूर्ण वेळ झोपली आणि तिने तो उत्तम होता असं सांगितलं.

मार्कंडादेवाची देवळं मी पहिल्यांदा पाहिली. तुम्ही गेला नसाल तर जत्रेशिवाय जा. नदी रुंद आणि शांत, मधे वाळूचे पट्टे, आणि भिंतींवर दगडातली माणसं अशी उभी की आत्ता कुणी हाक मारली म्हणून वळून बघतायत. हातात आरसा धरलेली बाई, पायातला काटा काढणारी बाई. रोशन म्हणाला, अशा बाया इतर देवळांवरही असतात. म्हणजे एका कारागिराचं पाहून दुसऱ्याने केलं, दुसऱ्याचं पाहून तिसऱ्याने, आणि प्रत्येकाने थोडं अधिक बरं केलं. बरं झालं, 'दगडातून बाई काढण्याची पद्धत' तेव्हा कुणी नोंदवून ठेवली नव्हती. नाहीतर आज आपण एका नम्र मेलसमोर हात जोडून उभे असतो.

शिकलेले आमदार खरोखरच शिकलेले होते. त्यांनी आमचं निवेदन हातात घेतलं, पहिली ओळ वाचली आणि दुसऱ्या ओळीवर त्यांचा फोन आला. फोन संपल्यावर त्यांनी विचारलं, "पेटंट म्हणजे परवाना. परवाना वनखात्याचा ना? आपले तिथं चांगले संबंध आहेत." मी सांगायला लागले की कायदा दिल्लीचा आहे. ते म्हणाले, दिल्लीतही संबंध आहेत. मग त्यांनी मागे हात केला, मागच्याने हातात शाल दिली. ही शाल पहिलीपेक्षा बरी होती. तिसरी शाल त्यांच्या तालुकाध्यक्षाने घातली. का घातली ते मला आजही माहीत नाही. बहुधा उरली होती.

त्या संध्याकाळी नदीकाठी मावशीने तिन्ही शाली मांडीवर घेऊन कापड बोटांनी चोळून पाहिलं आणि म्हणाली, "कामाची एकबी नाई. पण तुये फोटो चांगले आले." मला हसू आलं नाही. कंपनीने उत्तर द्यायला दिलेली मुदत संपत आली होती. ग्रामपंचायतीच्या जुन्या कॉम्प्युटरवर घंटी चालते. पेटंटवाल्यांचा कागद आला तर सरपंच काय करतील हे मला माहीत होतं. ते चांगले आहेत, पण कागदाला घाबरतात. वायर काढतील. रोशनने बातमी आणली की खासदार आमच्याच गावच्या मंडईला येणार आहेत.  मावशीने शाल घडी करताना फक्त माझ्याकडे पाहिलं.

घरी, म्हणजे मंडईला

मंडई ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. एका दिवशी एका गावची, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या. लेकी, जावई, सोयरे सगळे येतात. उसाच्या मोळ्या उभ्या राहतात, शिंगाडे उकडून विकतात, आलूबोंड्यांच्या कढया दुपारपर्यंत थंड होत नाहीत. लोकप्रतिनिधी दिवसातून पाच-सहा मंडया करतात. गाडीतून उतरायचं, हार घ्यायचा, दोन शब्द बोलायचे, पुढची मंडई. मतदाराला भेटण्याची ही पद्धत सगळेच पक्ष वापरतात, आणि तिचं पेटंट अजून कुणी घेतलेलं नाही.

आमच्या गावाचा रस्ता जंगलातून येतो. धानकापणी चालू होती आणि धानात जनावर दडून बसतं, म्हणून ग्रामसभेने ठरवलं होतं की मंडईला येणाऱ्या प्रत्येकाने जंगलाच्या गावाकडच्या तोंडाशी मिस कॉल द्यायचा आणि घरी जाताना पुन्हा द्यायचा. तिथे बांबूचा आडवा दांडा लावून बायका बसल्या होत्या. मावशी त्यांच्यात होती. खासदारांच्या गाड्या आल्या, तिने दांडा वर केला नाही. सहायक खाली उतरला. हा तोच, रस्ता की बदलीवाला. तो म्हणाला, आत साहेब आहेत. मावशी म्हणाली, "मंग साह्यबाच्या फोनवरून मिस कॉल द्या. तुमच्यावरून तुमचा, त्याच्यावरून त्याचा." त्याने दिला. मागे सगळ्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, आणि मला वाटतं एवढ्या साध्या कामासाठी कुणी त्याच्याशी वाद घातलेला त्याने बऱ्याच दिवसांत पाहिला नसावा.

मंडपात आमचं नाव पुन्हा पुकारलं गेलं. मी चौथ्या शालीकडे चालत गेले. खासदार म्हणाले की या मातीतल्या मुलीला पेटंट मिळावं म्हणून आपण दिल्लीत आवाज उठवू. त्यांनी शाल उघडली, हात वर केले, आणि त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्याबरोबर मंडपातले अर्धे फोन वाजले. सहायकाने घाईने साहेबांचा फोन काढून बंद करायला म्हणून बोट लावलं आणि तो उचलला गेला. माइक जवळच होता. सगळ्या मंडपात मावशीचा आवाज आला: "जनावर दिसला. रस्त्याच्या बाजूले. जिथी आहा तिथीच थांबा. दोघं दोघं व्हा. घाबरू नका, मी मोजून राह्यली."

टाळ्या वाजल्या नाहीत. लोक उठले, पण कुणी पळालं नाही. बायांनी पोरं जवळ ओढली. ज्यांची माणसं धानात होती ते फोन कानाला लावून उभे राहिले. माझी आईही धानात होती. मी शालीखालून निघून तिला फोन लावला. तिने उचलला आणि म्हणाली, आम्ही चौघी मचाणाखाली आहोत, आणि तू जेवलीस का.

खासदारांना पुढच्या मंडईला जायचं होतं. गाड्या वळल्या. दांड्याजवळ बायका आता उभ्या होत्या. सहायक म्हणाला, गाडीला वाघ काय करणार? एका बाईने सांगितलं की गाडीला काही करत नाही, पण हॉर्न आणि धुराळ्याने बिथरून तो धानात उतरतो, आणि धानात आमच्या बाया आहेत. ग्रामसभेचा नियम असा की घंटी झाली की बैलगाडी असो की सरकारी गाडी, सगळे परत येऊन मोजले जाईपर्यंत दांडा उघडत नाही. सहायकाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी दांड्याकडे पाहिलं. मग ते परत येऊन खुर्चीवर बसले. माझ्या आयुष्यात एवढा मोकळा खासदार मी पाहिला नव्हता.

मावशीने त्यांना शिंगाडे सोलून दिले आणि मला कोपराने ढकललं. "आता बोल ना वो. चार दिस कोणाले शोधून राह्यली होती?"

मी बोलले.  मी निवेदन वाचायला घेतलं तर त्यांनी हाताने थांबवलं आणि म्हणाले, वाचू नको, सांग. मी सांगितलं. जाऊबाईचं सांगितलं, घंटी कशी लिहिली ते, सिरोंच्याच्या तेलुगू आवाजाचं, कंपनीच्या डब्याचं. ते मधे म्हणाले, "मग तुम्हीच आधी पेटंट घ्या की. कंपनीला मिळणारच नाही." मी म्हटलं, "घेतलं तर सिरोंच्यावाल्यांनी आमच्याकडे परवानगी मागायची का, साहेब? आम्हाला आमचंही नको, कुणाचंच नको. प्रोग्रामवर पेटंट नको एवढंच म्हणतोय."

ते काही वेळ शिंगाडा खात राहिले. मग त्यांनी विचारलं, "हा आवाज कुणाचा आहे?" मावशी म्हणाली, "माहा." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पुन्हा शिंगाड्याकडे पाहिलं. बघतो, असं म्हणाले. बघतो या शब्दाची आम्हाला सवय आहे. शेवटी धानातली सगळी माणसं परत आली, आई चालत आली, मोजणी पूर्ण झाली आणि दांडा उघडला. गाड्या गेल्या. चौथी शाल खुर्चीवरच राहिली होती. मावशीने ती उचलून दांड्याच्या टोकाला बांधली, लांबून दिसावी म्हणून. शालींपैकी ही एक कामाला आली.

परतल्यावर

जाताना मिस कॉल द्यायचा हे सांगायला सगळे विसरले, आणि खासदारांनी दिलाही नाही. त्यामुळे घंटीच्या लेखी ते अजून आमच्या जंगलातच होते. कधी आठवड्यातून एकदा, कधी दोनदा, जनावर दिसलं की त्यांचा फोन वाजायचा. ते कोणत्या बैठकीत असतील, कुणाच्या शेजारी बसले असतील, देव जाणे. सहायकाचा मला फोन आला, साहेबांचं नाव काढून टाका. मी फार नम्रपणे सांगितलं की आम्ही कुणाचं नाव काढत नाही, तसा नियम आहे. साहेबांनी त्यांच्या फोनवरून एक मिस कॉल द्यावा, आपोआप निघेल. तो म्हणाला, साहेबांना सांगतो. पुन्हा एकदा त्याचा फोन आला, पुन्हा मी तेच सांगितलं. नम्रपणा मी त्या मेलवरून शिकले होते.

कंपनीला सरांच्या मदतीने उत्तर पाठवलं. सरपंचांनी अजून वायर काढलेली नाही, पण कॉम्प्युटरजवळून जाताना ते त्याच्याकडे बघत जातात.

मग एका सकाळी माझा फोन वाजला. नंबर घंटीच्या यादीतला होता. कुणी घंटीचा मिस कॉल चुकून माझ्याच नंबरवर देतंय असं वाटून मी वाट पाहिली, पण एका रिंगनंतर तो बंद झाला नाही. उचलला. स्वतः खासदार होते. पहाटेच घंटी झाली होती. ते म्हणाले, "त्या बाईचा आवाज आला. सगळे परत आले का?" मी म्हटलं, आले. त्यांनी कागद ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बेटा, ते निव्वळ प्रोग्रामचं काय म्हणत होतीस ते पुन्हा सांग. सावकाश सांग, मी लिहून घेतो."

मी सांगितलं. सावकाश सांगितलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले, आणि दोन्ही आमच्या सरांनी विचारले असते असे होते. त्याचं पुढे काय होईल मला माहीत नाही. पण शाल न घालता कुणी स्वतःहून ऐकलं, हे या प्रवासात पहिल्यांदाच झालं.

फोन ठेवला तेव्हा मावशी अंगणात धान वाळत घालत होती. मी तिला सगळं सांगितलं आणि विचारलं, आता तरी त्यांचं नाव काढू का?

मावशीने धानावरून हात फिरवला. "तुले फोन केला ना त्यानं. घंटीले मिस कॉल कुठी देला?"